हेक्झेन पंपरूमचा फ्लेम डिटेक्टर संध्याकाळीच बोंबलतो, आग मात्र कुठेच नाही

एरंडोलवाला

राम राम मंडळी. हायवेवरच्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट सांभाळतो. सरकी आणि सोयाबीन दोन्ही चालतं, सध्या सरकी आहे. कारखान्याचं नाव विचारू नका, भाकरीचा प्रश्न आहे.

आमच्या हेक्झेन (बियांतलं तेल काढायचं, चटकन पेटणारं सॉल्व्हंट) पंपरूममध्ये एक फ्लेम डिटेक्टर, म्हणजे ज्वाळा ओळखणारं यंत्र आहे, टॅग एफडी-२. जुना सिंगल आयआर (इन्फ्रारेड), ४.३ मायक्रॉनवाला. पूर्वेच्या भिंतीवर तीनेक मीटर उंचीवर बसवलाय, तोंड पश्चिमेला, खाली साधारण ३० अंश झुकवलेला. समोर दोन पंप, त्यांच्या मागे पश्चिमेची भिंत आणि त्या भिंतीत अगदी वर एक एक्झॉस्ट फॅन. खोली दहा मीटर लांब. या डिटेक्टरने ज्वाळा पाहिली की पंप ट्रिप होतात आणि डेल्यूजचं (आग विझवायच्या फवाऱ्यांचं) पाणी सुटतं, असं लॉजिक आहे. मी यायच्या आधीपासूनचं.

पाडवा होऊन दोन-तीन आठवडे झाले आणि याचं नाटक सुरू झालं. संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान सरळ अलार्म. वॉर्निंग दोन-चार सेकंद, की लगेच फुल अलार्म. दिवसभर गप्प, रात्रभर गप्प. बरं, रोज करतो असंही नाही. एखादा दिवस सोडतो, मग लागोपाठ येतो. मध्ये अवकाळीचं आभाळ भरून आलं होतं तेव्हा शांत होता, पण त्याच दिवशी शेजारच्या शेडमधलं वेल्डिंगही बंद होतं, त्यामुळे नक्की कशामुळे शांत होता ते सांगता येत नाही.

एकदा डेल्यूज सुटला की पंप, मोटारी, केबल ट्रे सगळं ओलं. एक्स्ट्रॅक्टरची लय बिघडते, डीटी (ढेपेतलं हेक्झेन उडवणारं यंत्र) रिकामा पळतो, परत लाइनवर यायला दोन तास जातात. प्रॉडक्शनवाले साहेब म्हणतात, बायपास मारून टाक, पाऊस पडला की बघू. मी अजून बायपास मारलेला नाही. सहा वाजले की इनहिबिट करतो, म्हणजे अलार्म आला तरी पंप आणि पाणी हलू नये असं तात्पुरतं रोखतो, एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन दारात उभा करतो, पावणेसातला परत चालू. पण किती दिवस माणूस उभा करायचा?

काय काय बघितलं ते सांगतो, म्हणजे तेच तेच परत नको. काच पुसली. डिटेक्टर सोडवून केबल मेगर केली (इन्सुलेशन तपासलं), चांगली आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एफडी-४ त्याच मॉडेलचा आहे, टँक फार्मकडे. दोघांची अदलाबदल केली. तिकडचा इकडे आणला तर तोही संध्याकाळी बोंबलला, आणि इकडचा तिकडे जाऊन साधू झाला.

दुसरं दुखणं वेगळं आहे. डीटीजवळचा एफडी-३ भर दुपारी फॉल्ट दाखवतो, अलार्म नाही. ऊन उतरलं की आपोआप नॉर्मल. फॉल्टच्या वेळी लूप करंट (डिटेक्टर पॅनलला पाठवतो तो सिग्नल) शून्याच्या आसपास. आमच्या शेडचे पत्रे मे महिन्यात हात लावू देत नाहीत, म्हणून मला वाटतं डिटेक्टरच तापून मरत असावा. नवीन मागवायच्या आधी विचारावं म्हटलं.

अवधान_इलेक्ट्रिक

भाऊ, सरळ वेल्डिंग धर. आमच्याकडे धुळ्याला एका पेंटवाल्याच्या प्लांटमध्ये असंच व्हायचं. समोरच्या गाळ्यात आर्क मारला की इकडे भोंगा. गेट उघडं असलं तर चाळीस-पन्नास मीटरवरूनही पकडायचा. आणि पंपरूमजवळ माशा मारायचा तो निळा दिवा असेल तर तोही काढ, त्याच्यातून यूव्ही निघतो.

एरंडोलवाला

भाऊ, आमचा यूव्ही नाही, आयआर आहे. तरी तुमच्या म्हणण्याप्रमाणे काल वेल्डरला सव्वासहाला मुद्दाम आर्क मारायला लावला, दार सताड उघडं ठेवून. डिटेक्टर हलला नाही. म्हणजे वेल्डिंग सुटलं.

भुसावळ_आप्पा

अवधानवाले भाऊ म्हणतात ते यूव्हीच्या बाबतीत शंभर टक्के खरं. यूव्ही डिटेक्टर साधारण १८५ ते २६० नॅनोमीटरमध्ये बघतो. सूर्याचा तेवढा भाग ओझोन वरच अडवतो, म्हणून त्याला ऊन दिसत नाही, पण आर्क, वीज, हाय टेन्शनचा कोरोना, पाइपच्या जोडांची रेडिओग्राफी हे सगळं दिसतं. मी थर्मल पॉवर स्टेशनला होतो तेव्हा बॉयलर ट्यूबची रेडिओग्राफी लागली की आधी आम्हाला कळवायचे, नाहीतर रात्री उगाच पळापळ. माशांचा दिवा मात्र निर्दोष आहे. तो ३६५ नॅनोमीटरच्या आसपास चालतो, यूव्ही डिटेक्टरच्या पट्ट्यात येतच नाही. दोष द्यायचाच तर त्याच्या जाळीवर माशी जळते त्या ठिणगीला देता येईल.

आता एरंडोलवाल्या, तुझ्याकडे येतो. अदलाबदल केलीस हे फार बरं केलंस. निम्मे लोक इथेच नवीन डिटेक्टर मागवतात आणि नवीनही बोंबलला की कंपनीला शिव्या देतात. डिटेक्टर बदलला तरी अलार्म त्याच जागी येतोय, म्हणजे तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरोखर काहीतरी दिसतंय. ते काय, एवढंच शोधायचं.

सिंगल आयआरला दोन गोष्टी लागतात. एक, ४.३ मायक्रॉनच्या आसपास उष्णतेचा प्रकाश. जळणाऱ्या कुठल्याही तेलाच्या ज्वाळेतला गरम कार्बन डायऑक्साइड तिथे जोरात चमकतो. दोन, त्या प्रकाशाची लवलव. ज्योत स्थिर नसते, सेकंदाला एक ते पंधरा-वीस वेळा हलते, आणि आतलं सर्किट ही हालचालच शोधतं. म्हणून समोर तापलेला स्टीमचा पाइप असला तरी डिटेक्टर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण पाइप लवलवत नाही. पण त्याच पाइपसमोर कुणी काहीतरी लयीत पुढे-मागे करायला लागलं, की याला ज्योत वाटते. सिंगल आयआरचं जुनं दुखणं आहे हे.

सूर्याचा ४.३ मायक्रॉनचा भाग हवेतला कार्बन डायऑक्साइड बराचसा खाऊन टाकतो, म्हणून तर हा पट्टा निवडला. बराचसा, सगळा नाही. आणि जुन्या डिटेक्टरचा फिल्टर आजूबाजूचंही थोडं आत घेतो. सूर्य सरळ काचेवर आला आणि कुणीतरी तो कापत असेल तर अलार्म यायला तेवढं पुरतं.

आता तुझी खोली बघ. डिटेक्टरचा कोन ९० अंशांचा धर, म्हणजे मध्यापासून ४५. तू ३० खाली झुकवलास तरी वरची कड आडव्या रेषेच्या १५ अंश वर राहते. एप्रिलात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे मावळतो. सहा ते साडेसहाला तो क्षितिजापासून दहा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बरोबर त्या कोनात. दहा मीटरच्या खोलीत दहा अंशांना उंचीचा फरक पावणेदोन मीटर. डिटेक्टर तीन मीटरवर, तर सूर्य पश्चिमेच्या भिंतीत पावणेपाच मीटरवरून डोकावणार. तिथे काय आहे ते तूच लिहिलंयस.

पाडव्यानंतरच का? कारण थंडीत सूर्य नैर्ऋत्येला मावळतो. २१ मार्चच्या सुमारास बरोबर पश्चिमेला येतो आणि मग वायव्येकडे सरकत मेअखेर वीस-बावीस अंशांवर जातो. जानेवारीत त्या फॅनच्या भोकातून येणारं ऊन डिटेक्टरवर नाही, दुसऱ्याच भिंतीवर पडत असेल.

आता माझा प्रश्न. सहा वाजता तो फॅन चालू असतो का? पॅनलवरचा हिरवा दिवा सांगू नकोस. स्वतः जाऊन पात्यांकडे बघ आणि किती वेगाने फिरतायत ते सांग. चांगल्या वेगाने फिरत असतील तर माझा सगळा हिशोब चुकेल.

पारोळा_जिनिंग

काय भो आप्पा, हाई बठ्ठं सूर्यनारायणनं काम शे म्हणा ना सरळ!

गंमत सोडा. जिनिंगमध्ये आमचा अनुभव उलट दिशेचा आहे. कापूस ओढायच्या डक्टमध्ये स्पार्क डिटेक्टर असतात, एखादा खडा किंवा लोखंड बीटरला घासून ठिणगी गेली की डायव्हर्टर उघडून तो कापूस बाहेर फेकायचा. हे डिटेक्टर अंधाऱ्या डक्टसाठी बनवलेले असतात, लवलव वगैरे बघत नाहीत, प्रकाश दिसला की ठिणगी. आमच्याकडे डक्टच्या तपासणीच्या झाकणाचं रबर सडलं होतं. सकाळी दहाला ऊन त्या फटीवर यायचं आणि डायव्हर्टर फटाफट उघडायचा, चांगला कापूस अंगणात. फोरमन म्हणाला सेन्सिटिव्हिटी कमी करा. कमी केली असती तर अलार्म थांबलाच असता, आणि सीझनमध्ये खरी ठिणगी गाठींपर्यंत गेली असती. झाकणाला नवीन रबर लावलं, संपलं.

एरंडोलवाल्या भाऊ, तुमच्या साहेबांना सांगा, बायपासचं बटण दाबायला एक सेकंद लागतो आणि कोर्टात ते समजावायला वर्षं. हेक्झेन आहे तो, सरबत नाही.

शिरपूर_फायरपॅनल

मी फायर पॅनल बसवायचं काम करतो, एफडी-३ बद्दल बोलतो. आप्पांच्या विषयात हात घालत नाही.

लूप करंट शून्याच्या आसपास हे तुम्ही सांगितलं ते बरं झालं. बऱ्याच मॉडेलमध्ये ४ मिलिअँपिअर म्हणजे नॉर्मल, १६ वॉर्निंग, २० अलार्म. फॉल्टचे दोन प्रकार असतात. २ मिलिअँपिअर म्हणजे डिटेक्टर जिवंत आहे पण त्याची सेल्फ टेस्ट नापास झाली, काच किंवा काचेसमोरचा छोटा आरसा घाण आहे. शून्य ते एक म्हणजे सप्लाय, वायर नाहीतर आतलं इलेक्ट्रॉनिक्स. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून खात्री करा. पण तुमचं लक्षण सप्लायचं वाटतंय.

डिटेक्टर तापून मरतो ही शंका अगदीच चुकीची नाही. पत्र्याखाली डीटीची वाफ आणि मे महिना असेल तर हवा साठच्या पुढे जाऊ शकते, आणि पुष्कळ डिटेक्टरची मर्यादा ६५ किंवा ७५ अंश असते. थर्मामीटर लावून बघा. पण त्याआधी व्होल्टेज, कारण ते फुकट आहे.

केबल किती लांब? १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार किलोमीटरला साधारण १२ ओहम देते. पॅनलपासून ३५० मीटर धरलं तर जाऊन-येऊन ७०० मीटर, म्हणजे ८.४ ओहम. डिटेक्टर १५० मिलिअँपिअर घेत असेल तर केबलमध्ये सव्वा व्होल्ट पडतो. पॅनलला २४ असेल तर तिकडे पावणेतेवीसच्या आसपास दिसायला हवेत. बहुतेक डिटेक्टर १८ पर्यंत चालतात. पावणेतेवीसऐवजी १८ च्या खाली दिसलं तर मधे कुठेतरी सांधा सैल आहे किंवा गंजलाय. दुपारी टर्मिनल तापतं, पसरतं, रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज बसतं. रात्री थंड झालं की परत पकडतं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की दुपारचा फॉल्ट म्हटलं की आधी जंक्शन बॉक्सच डोळ्यासमोर येतो.

पण मोजायला सांगतोय म्हणून उठून झाकण उघडायला जाऊ नका. फ्लेमप्रूफ डिटेक्टरचं झाकण सप्लाय चालू असताना झोनमध्ये (पेटणारी वाफ असू शकते अशा जागेत) उघडायचं नाही, ते त्याच्यावरच कोरलेलं असतं. शटडाउन घ्या, गॅस टेस्ट करून एलईएल (वाफ पेट घेऊ शकते त्या किमान पातळीच्या किती टक्के आहे ते) शून्य दाखवा, वर्क पर्मिट काढा, मग मीटर. साधा मल्टीमीटर सुद्धा हेक्झेनच्या जागेत ठिणगीच आहे. हेक्झेन १.१ टक्क्यावरच पेट घ्यायला तयार असतो, आणि उणे वीसच्या खाली फ्लॅश पॉइंट आहे, आपल्या उन्हाळ्यात काय बोलायचं.

शील्डचं एक टोकच अर्थ केलंय ना, पॅनलकडचं? दोन्हीकडे केलं असेल तर व्हीएफडीचा (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) विजेचा आवाज केबलमध्ये शिरतो आणि मग असले फॉल्ट शोधता शोधता केस पांढरे होतात.

एरंडोलवाला

आप्पा, पाय कुठे आहेत तुमचे?

काल पावणेसहालाच पंपरूमच्या दारात जाऊन उभा राहिलो. पॅनलवर फॅनचा हिरवा दिवा. फॅन फिरत होता. मी मनात म्हटलं, आप्पांचा हिशोब गेला. मग तुम्ही वेग विचारला होता ते आठवलं. पातं वेगळं वेगळं दिसत होतं. चार पाती, एक, दोन, तीन, चार, मोजता येत होती. एका पात्याला ढेपेची धूळ जास्त चिकटलेली, तेवढं धरून घड्याळ लावलं. दहा सेकंदांत पंधरा फेरे. हा फॅन चालू असतो तेव्हा पातं दिसत नाही, नुसती चकती दिसते.

बाहेरून शिडी लावली. मोटार व्यवस्थित घुमत होती, म्हणून पॅनलवर दिवा हिरवा. बेल्ट तुटून गार्डच्या आत लोंबत होता. पाती वाऱ्याने फिरत होती! पश्चिमेचा वारा संध्याकाळी वाढतो, पात्यांवर येतो आणि ती आरामात गरगरतात. वारा पडला त्या दिवशी पाती थांबलेली, म्हणून अलार्म नाही. ढग आले तर सूर्यच नाही, म्हणून अलार्म नाही. एखादा दिवस का सोडतो ते कळलं.

सव्वासहाला ऊन फॅनमधून आत आलं. डिटेक्टरच्या काचेवर पिवळा ठिपका पडला आणि तो ठिपका मिचकत होता, उघड-झाक, उघड-झाक. डिटेक्टर इनहिबिट होताच. कंट्रोल रूममधला पोरगा वॉकीवर ओरडला, वॉर्निंग, मग अलार्म. मी बाहेरून बांबू घालून पाती अडवली. ऊन काचेवर तसंच, पण ठिपका स्थिर. पोरगा म्हणाला, चारवर आला. बांबू काढला, परत वीस. साहेबांना बोलावून त्यांच्यासमोर परत करून दाखवलं.

एफडी-३ चं पण सांगतो. ढेपेचा कन्व्हेयर साफ करायला प्लांट बंद होता, पर्मिट काढून दुपारी मोजलं. पॅनलला २४.१, डिटेक्टरवर १७.३. शिरपूरवाले भाऊ, केबल तुम्ही धरली तेवढीच निघाली, ३५० च्या जवळपास. मग छताच्या कैचीवरचा जंक्शन बॉक्स उघडला. एका ग्लँडच्या भोकाला प्लगच नव्हता. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, टर्मिनलवर हिरवा गंज, स्क्रू बोटाने फिरला.

आता मला सांगा, फॅनचा बेल्ट बदलून प्रश्न संपला असं समजू का?

भुसावळ_आप्पा

पाय राहू दे, हिशोब बघ. दहा सेकंदांत पंधरा फेरे म्हणजे सेकंदाला दीड. चार पाती, म्हणजे ऊन सेकंदाला सहा वेळा कापलं जातं. ज्वाळेच्या लवलवीच्या अगदी मधोमध. तोच फॅन बेल्टवर मिनिटाला ७०० फेऱ्यांनी चालला असता तर सेकंदाला सत्तेचाळीस वेळा, आणि डिटेक्टरच्या फिल्टरने ते बाहेर टाकलं असतं. बरोबर चालणाऱ्या फॅनमधून तेच ऊन आलं तरी हा गप्प बसतो. म्हणूनच मागच्या वर्षी एप्रिलात त्रास झाला नसणार. विचार जुन्या माणसांना.

बेल्ट बदलून संपत नाही. अलार्म बाजूला ठेव, त्याहून वाईट गोष्ट आधी बोल. हेक्झेनच्या पंपरूमचा एक्झॉस्ट पाडव्यानंतर कधीपासून तरी बंद होता आणि पॅनल म्हणत होतं चालू आहे. पॅनलचा दिवा कॉन्टॅक्टरवरून घेतलाय, त्याला फक्त मोटारीला वीज गेली एवढंच कळतं. शाफ्टवर स्पीड स्विच लाव नाहीतर डक्टमध्ये एअर फ्लो स्विच, झोनला चालणारा, आणि दिवा त्याच्यावरून घे. बेल्ट अँटीस्टॅटिकच टाक. बाजारातल्या दुकानातून पिठाच्या गिरणीचा उचलून आणशील तर त्याच्यावर साठलेली वीजच ठिणगी देईल.

दुसरं, फॅन वर का आहे? हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड, ती खाली गटारीत जाऊन बसते. वरचा फॅन गरम हवा काढतो, हेक्झेन नाही. जमिनीलगत ओढणारा हवा. हे तुझ्या हातात नाही, साहेबांच्या आहे, पण लेखी दे. पेसोचा (केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचा) माणूस किंवा औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा इन्स्पेक्टर येईल तेव्हा तो हेच विचारणार, आणि तेव्हा तुझा कागद फाइलला असलेला बरा.

ऊन अडवायचं काम सोपं आहे. फॅनच्या बाहेर पत्र्याचा कमान काढलेला हुड लाव, तोंड खाली. वारा सरळ पात्यांवर येणार नाही आणि सूर्यही आत डोकावणार नाही. डिटेक्टर आणखी झुकवून वरची कड खाली आणता येईल, पण मग लांबचा पंप कोनाच्या काठावर जाईल, आणि काठावर डिटेक्टरची नजर कमजोर असते. हुडच बरा.

साहेब परवानगी देत असतील तर पुढच्या वर्षी ट्रिपल आयआर मागा. तो ४.३ च्या दोन्ही बाजूंचे पट्टेही बघतो आणि तिघांचं प्रमाण तपासतो. ऊन किंवा तापलेलं लोखंड तिन्ही पट्ट्यांत दिसतं, ज्वाळा मधल्यात उठून दिसते. त्याला असा फॅन फसवू शकला नसता असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण फार अवघड गेलं असतं.

तुमच्याकडे वनस्पतीचा हायड्रोजन प्लांट आहे का? असला तर तिथे हा डिटेक्टर आंधळा. हायड्रोजनच्या ज्वाळेत कार्बनच नाही, तर ४.३ ला दिसणार काय?

शिरपूर_फायरपॅनल

१७.३ म्हणजे केबलचा सव्वा व्होल्ट सोडून साडेपाच व्होल्ट त्या एका टर्मिनलने खाल्ले, ३५ ओहमच्या वर. टर्मिनल घासत बसू नका, नवीन लावा. आणि प्लग नसलेला बॉक्स म्हणजे झोनमध्ये उघडा बॉक्स, सर्टिफिकेटवाला धातूचा प्लग बसवा. एमसील भरू नका, मी भरलेले पाहिलेत. बाकी सगळे बॉक्स पण उघडून बघा, कुंभारमाशी एकच घर करून थांबत नाही.

पारोळावाले भाऊ बायपासबद्दल बोलले त्यात एक भर. तुम्ही सहा ते पावणेसात इनहिबिट करता ते हुड लागेपर्यंत चालेल, पण रजिस्टरला लिहा, शिफ्ट इनचार्जची सही घ्या, आणि पॅनलला टायमर असेल तर एका तासाने इनहिबिट आपोआप सुटेल असं सेट करा. माणूस विसरतो, विशेषतः शिफ्ट बदलताना. एकाच डिटेक्टरवर डेल्यूज सोडायचं लॉजिक पण बदलायला हवं. पंपरूमला दुसऱ्या कोपऱ्यातून बघणारा अजून एक डिटेक्टर घाला, एकाने बघितलं तर भोंगा, दोघांनी बघितलं तर पंप बंद आणि पाणी. हा बदल मात्र कागदावर, साहेबांच्या आणि सेफ्टीच्या सहीने करा, पॅनलवाल्या पोराला तोंडी सांगून नाही.

एरंडोलवाला

हायड्रोजन प्लांट नाही आप्पा, रिफायनरी आहे फक्त. मागच्या वर्षीचं विचारलं. जुने फिटर म्हणतात, एप्रिलात अलार्म कधी आला नव्हता, बेल्ट याच सीझनमध्ये तुटला असणार.

हुडचं माप घेतलं, पत्रा स्टोअरला आहे, पर्मिट मिळालं की बसवतो. अँटीस्टॅटिक बेल्ट जळगावला नाही मिळाला, नाशिकहून मागवलाय. तोपर्यंत पात्यांना बाहेरून अडकण लावली आहे, आणि पंपरूमची दोन्ही दारं उघडी ठेवायला सांगितलीत. पोर्टेबल गॅस मीटर दर तासाला फिरवतोय, गटारीपाशी धरून. दुसऱ्या डिटेक्टरचं साहेब म्हणाले बजेट बघू.

एकच शंका राहिली. आमच्याकडे टेस्ट लॅम्प नाही. हुड लागल्यावर डिटेक्टर खरी आग बघतो की नाही हे कसं तपासू? स्टोअरवाला म्हणतो, काचेच्या कंदिलात ज्योत पेटवून लांबून दाखवा, म्हणजे उघडी ज्योत राहणार नाही.

शिरपूर_फायरपॅनल

स्टोअरवाल्याला सांगा, कंदील घरी ठेव. एक तर पंपरूममध्ये ज्योत नेणं म्हणजे वेडेपणा, काचेत असली तरी. दुसरं, कंदिलाच्या साध्या काचेतून ४.३ मायक्रॉन जातच नाही, डिटेक्टरला ज्योत दिसणार नाही आणि तुम्ही तो बिघडला समजाल. डिटेक्टरच्या स्वतःच्या खिडकीला सफायर वापरतात ते याच्यासाठीच. पॉलिकार्बोनेटची शीट समोर असेल तरी तेच होतं.

त्या मॉडेलचाच झोनला चालणारा टेस्ट लॅम्प लागतो, दुसऱ्या कंपनीचा चालेलच असं नाही. मॉडेल नंबर इथे टाका, माझ्याकडचा जुळत असेल तर पुढच्या आठवड्यात धरणगावला काम आहे, येताना घेऊन येतो. डेल्यूजचा व्हॉल्व्ह आयसोलेट करून ठेवा फक्त, गेल्या खेपेला एका ठिकाणी मी भिजलोय.

एरंडोलवाला

नंबर संध्याकाळी टाकतो भाऊ. या, जेवण आमच्याकडे, कळण्याची भाकरी आणि ठेचा.